चंद्रावर माणूस नेणाऱ्या रॉकेटचा हिशोब कागदावर कसा मांडायचा

चांद्रमोहिमेसाठी रॉकेट किती मोठं हवं, हे ठरवताना बहुतेक जण खालून वर जातात. आधी इंजिन निवडतात, मग टप्पे रचतात, आणि शेवटी जे वजन उरेल ते चंद्राकडे पाठवतात. असा हिशोब हमखास फसतो. सुरुवात करायची ती समुद्रात उतरणाऱ्या कॅप्सूलपासून, आणि एकेक पायरी मागे येत शेवटी प्रक्षेपण तळावर पोचायचं. रॉकेटचा आकार हे उत्तर आहे. ते आधीच ठरवून बसलात, तर पुढची सगळी आकडेमोड त्या आकड्याला बसवण्यात जाते.

साधा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर पुरतो. सूत्र एकच: वेगात जेवढा बदल हवा त्याला इंजिनाच्या निकास वेगाने (वायू बाहेर पडण्याच्या वेगाने) भागा आणि २.७१८ चा तेवढा घात काढा. जे येतं ते ज्वलनाआधीचं वजन भागिले ज्वलनानंतरचं वजन. निकास वेग काढायला विशिष्ट आवेगाच्या (इंजिनाची कार्यक्षमता सांगणाऱ्या आकड्याच्या) सेकंदांना ९.८१ ने गुणा. ४६० सेकंदांचं हायड्रोजन इंजिन म्हणजे साधारण ४.५ किमी प्रति सेकंद.

पहिली पायरी: वेगाचं अंदाजपत्रक

एकाच रॉकेटने सगळं नेणारी, चंद्राभोवतीच्या जवळच्या कक्षेतून लँडर खाली पाठवणारी मोहीम धरू. सर्व आकडे किमी प्रति सेकंद:

- जमिनीपासून पृथ्वीच्या जवळच्या कक्षेपर्यंत ९.४ (कक्षेतला वेग ७.८ च असतो, वरचा खर्च मुख्यतः गुरुत्वाशी झगडण्याचा आणि थोडा हवेचा)
- तिथून चंद्राकडे झेप ३.१५
- वाटेतल्या दुरुस्त्या ०.०५
- चंद्राच्या कक्षेत शिरण्यासाठी ब्रेक ०.९
- कक्षेतून पृष्ठभागावर २.१
- पृष्ठभागावरून वर येऊन यानाला जोडणं २.०
- चंद्राच्या कक्षेतून पृथ्वीकडे १.०

पृथ्वीवर उतरताना ११ किमी प्रति सेकंदाचा वेग हवाच मारते. त्याचं बिल प्रोपेलंटमध्ये (इंधन आणि ते जाळायला लागणारं ऑक्सिजनसारखं द्रव्य) येत नाही, उष्णतारोधक कवचाच्या वजनात येतं, आणि ते वजन सबंध प्रवासभर ओढावं लागतं.

चंद्राजवळची सगळी कामं साठवता येणाऱ्या, एकमेकांना लागताच पेटणाऱ्या प्रोपेलंटवर ठेवा. निकास वेग फक्त ३.१ मिळतो, पण चंद्रावर काही दिवस उभं राहिल्यावर इंजिन पहिल्याच प्रयत्नात पेटलं पाहिजे. तिथे ठिणगी, थंडावा, बाष्पीभवन यांपैकी काहीही मधे आलेलं परवडत नाही.

दुसरी पायरी: वरून खाली

कॅप्सूल १० टन, सर्व्हिस मॉड्यूल (कॅप्सूलमागचा इंजिन आणि टाक्यांचा भाग) रिकामं ५ टन. परतीच्या ज्वलनानंतर उरलं १५ टन. १.० भागिले ३.१, गुणोत्तर १.३८. म्हणजे चंद्राच्या कक्षेत निघताना २०.७ टन.

लँडरची वरची कुपी माणसांसकट ३ टन. वेगबदल २.०, गुणोत्तर १.९१, म्हणून पृष्ठभागावरून निघताना ५.७ टन. खालच्या भागाचं कोरडं वजन ३ टन आणि पृष्ठभागावर ठेवायचं सामान अर्धा टन मिळवा: ९.२ टन. उतरायला २.१, गुणोत्तर १.९७. लँडर झाला १८.१ टन.

दोन्ही मिळून ३८.८ टन. ०.९ चा ब्रेक सर्व्हिस मॉड्यूलचं इंजिन लावणार, गुणोत्तर १.३४, म्हणजे ५१.९ टन. दुरुस्त्या धरून चंद्राकडे फेकायचं वजन ५३ टन. पडताळा म्हणून: अपोलो मोहिमांच्या सॅटर्न ५ रॉकेटने अपोलो १७ च्या वेळी सुमारे ४८.५ टन चंद्राकडे पाठवले. तेव्हा कॅप्सूल तिघांची होती. आपला आकडा वेडावाकडा नाही.

आता झेप घेणारा टप्पा. हायड्रोजन, ४.५. गुणोत्तर २.०१. इथे नवशिके अडखळतात, कारण टप्प्याचं स्वतःचं कोरडं वजनही गुणोत्तरात येतं आणि ते प्रोपेलंटवर अवलंबून असतं. या आकाराच्या टप्प्याला कोरडं वजन प्रोपेलंटच्या १२ टक्के धरून समीकरण सोडवा: कोरडं ७.३ टन, प्रोपेलंट ६१.२ टन. पृथ्वीच्या कक्षेत एकूण १२२ टन. टाकीच्या तळाशी उरणारं आणि राखीव ठेवलेलं एक-दोन टक्के प्रोपेलंटही कोरड्या वजनातच मोजायचं, कारण ते जळत नाही. वरच्या १२ टक्क्यांत ते धरलं आहे.

खालचे दोन टप्पे: दुसरा हायड्रोजनचा, ४.३, कोरडं ९ टक्के, त्याच्याकडे ५.७ किमी प्रति सेकंद. पहिला केरोसीनचा. त्याचं इंजिन समुद्रसपाटीला कमी आणि निर्वातात जास्त कार्यक्षम असतं, म्हणून सरासरी २.९ धरा, कोरडं ६.५ टक्के, त्याच्याकडे ३.७. उत्तर: दुसऱ्या टप्प्यात ४४९ टन प्रोपेलंट आणि ४० टन धातू, त्याच्या प्रज्वलनाच्या क्षणी एकूण ६११ टन. पहिल्यात १,८९६ टन प्रोपेलंट आणि १२३ टन धातू. तळावर उभं रॉकेट २,६३० टन. सॅटर्न ५ साधारण २,९०० टनांचं होतं.

वेगाची वाटणी बदलून पाहा. पहिल्याकडे ३.२ आणि दुसऱ्याकडे ६.२ दिलं, तर एकूण वजन २,५२० टनांवर येतं. फायदा वाटतो, पण दुसऱ्या टप्प्याचं प्रोपेलंट ५५५ टन होतं. हायड्रोजनची घनता घनमीटरला जेमतेम ७१ किलो असल्याने त्याची टाकी सुमारे ९७० वरून १,२०० घनमीटरवर जाते. स्वस्त केरोसीन वाचवून महागडी, इन्सुलेशन लावलेली टाकी वाढवली, एवढंच. तळावरचं वजन कमी करणं हे ध्येय ठेवू नका.

तिसरी पायरी: एक किलो कुठे महाग पडतो

कागदावरच्या हिशोबातून मिळणारी सर्वांत उपयोगी गोष्ट ही. वरची गुणोत्तरं, आणि खालच्या तीन टप्प्यांसाठी धातूसकट एकूण वजन भागिले त्यावरचं वजन, एकमेकांना गुणत खाली या:

लँडरच्या वरच्या कुपीत १ किलो वाढला, तर तळावर सुमारे २५० किलो वाढतात. कॅप्सूलमध्ये १ किलो म्हणजे तळावर ९३. झेप टप्प्याच्या धातूत १ किलो म्हणजे ४९. पहिल्या टप्प्याच्या धातूत १ किलो म्हणजे फक्त ४.३.

म्हणून वजन कमी करणारे चांगले अभियंते लँडरवर बसवा. पहिला टप्पा जाड, भक्कम आणि करायला सोपा असू द्या. तिथे शंभर किलो वाचवायला केलेला खटाटोप कुपीतल्या दोन किलोंपेक्षा कमी मोलाचा आहे. निसटण्याचा टॉवर (अपघातात कॅप्सूलला रॉकेटपासून ओढून दूर नेणारा) ४ टनांचा असला, तरी दुसरा टप्पा पेटल्यावर लगेच टाकून देतात. त्यामुळे त्याची किंमत साधारण १७ टन होते, ३७० नव्हे.

आणि राखीव. सुरुवातीच्या आराखड्यात वरच्या सगळ्या कोरड्या वजनांवर किमान २० टक्के चढवा. आकडे समप्रमाणात वाढतात, त्यामुळे २,६३० चे ३,१५० च्या आसपास टन होतात. हे पाहून छाती दडपते आणि राखीव कापायचा मोह होतो. कापू नका. यानाचं वजन आराखडा पुढे सरकतो तसं वाढतं, घटत नाही.

चौथी पायरी: रेटा आणि इंजिनांची संख्या

उड्डाणाच्या क्षणी रेटा वजनाच्या किमान १.२ पट हवा. सॅटर्न ५ चं प्रमाण जवळपास तेवढंच होतं. नासाच्या एसएलएस रॉकेटचं, घन इंधनाच्या बूस्टरमुळे, सुमारे १.५. आपल्याला १.२ प्रमाणे ३१ मेगान्यूटन लागतात. सॅटर्न ५ च्या एफ-१ सारखी ६.७७ मेगान्यूटनची पाच इंजिनं ३३.९ देतात, प्रमाण १.३१. १.२ च्या खाली गेलात, तर रॉकेट तळावर रेंगाळतं आणि प्रत्येक सेकंदाला गुरुत्वात जवळपास १० मीटर प्रति सेकंद फुकट जातात.

दुसरं टोकही तपासा. पहिला टप्पा संपताना वजन ७३४ टन आणि निर्वातातला रेटा ३८.८ मेगान्यूटन, म्हणजे ५.४ जी. माणसांना आणि ढाच्याला हे जास्त आहे. मधलं इंजिन आधी बंद केलं, तर ४.३ वर येतं. सॅटर्न ५ मध्ये मधलं इंजिन लवकर थांबवायचे, त्यामागे हाच हिशोब होता.

झेप टप्प्यात रेटा कमी चालतो, पण किती कमी? ६१ टन प्रोपेलंट एका ११० किलोन्यूटनच्या इंजिनाने जाळायला जवळपास ४२ मिनिटं लागतील. तोवर यान कक्षेचा जवळपास अर्धा फेरा मारेल आणि रेटा चुकीच्या दिशेला वाया जाईल. एक मेगान्यूटनचं इंजिन तेच काम साडेचार मिनिटांत करतं. एसएलएसच्या पहिल्या उड्डाणात एकाच छोट्या इंजिनावर भागलं, कारण मुख्य टप्प्याने यान आधीच सुमारे १,८०० किमी उंच टोकाच्या लंबगोल कक्षेत सोडलं होतं. तरीही ज्वलन १८ मिनिटांचं होतं.

पाच मोठी इंजिनं की तीस छोटी? प्रत्येकाची खात्री ९९ टक्के धरा. पाचही चालण्याची शक्यता ९५.१ टक्के. तीसही चालण्याची फक्त ७४. पण तिसांतलं एक बंद पडलं तरी चालेल अशी रचना केली, तर ९६.४ टक्के. म्हणजे जास्त इंजिनं वाईट नाहीत, अट एकच: बिघडलेल्या इंजिनाने शेजाऱ्याला सोबत नेता कामा नये. सोव्हिएत चांद्ररॉकेट एन-१ च्या तळाला ३० इंजिनं होती. ३ जुलै १९६९ ला एका इंजिनाचा ऑक्सिजन पंप फुटला, नियंत्रण यंत्रणेने २९ इंजिनं बंद केली आणि रॉकेट परत तळावरच कोसळलं. चारही उड्डाणं फसली. मुळातली चूक जमिनीवरची होती: पूर्ण पहिला टप्पा बांधून ठेवून कधी पेटवलाच नव्हता. इंजिनांचे काही व्हॉल्व्ह एकदाच चालणारे असल्याने प्रत्येक गटातली काही इंजिनं चाचणीला जाळायची आणि उरलेली चाचणीविना बसवायची, अशी पद्धत होती. तुमच्या आराखड्यात प्रत्येक इंजिन उड्डाणाआधी पेटवून पाहता येईल आणि अख्खा टप्पा एकत्र पेटवता येईल, अशी सोय पहिल्या दिवसापासून धरा.

पाचवी पायरी: जे कागदावर दिसत नाही

लांब नळ्या, द्रव भरलेल्या टाक्या आणि लवचीक ढाचा यांची एकमेकांशी लय जुळली, की रॉकेट लांबीच्या दिशेने थरथरतं. नळीतला दाब हलतो, रेटा हलतो, ढाचा हलतो आणि पुन्हा नळीतला दाब. याला पोगो म्हणतात. ४ एप्रिल १९६८ च्या अपोलो ६ मध्ये, माणसांविना, तो जोरात झाला. त्यावर उपाय म्हणून पहिल्या टप्प्याच्या ऑक्सिजन नळ्यांवरच्या व्हॉल्व्हच्या पोकळीत हेलियम भरला, म्हणजे तिथे वायूची गादी तयार झाली आणि लय मोडली. अपोलो १३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात पोगो पुन्हा आला आणि मधलं इंजिन सुमारे दोन मिनिटं आधीच बंद पडलं. एका टप्प्यात सुटलेला पोगो दुसऱ्यात सुटलाच असं धरू नका. प्रत्येक टप्प्याचं, टाकी भरलेली ते रिकामी अशा सर्व अवस्थांत, वेगळं विश्लेषण लागतं.

अपोलो ६ चा दुसरा बिघाड त्याहून शिकवणारा आहे. दुसऱ्या टप्प्याच्या एका इंजिनाच्या इग्नायटरकडे जाणारी हायड्रोजनची नळी तुटली. जमिनीवरच्या चाचण्यांत ती कधी तुटली नव्हती, कारण थंड नळीवर हवा गोठून-द्रवून बसायची आणि तिच्या घडीदार भागाची थरथर दाबून टाकायची. निर्वातात ते आवरण नव्हतं. इंजिन बंद करण्याची आज्ञा सुटली, पण तारा उलट जोडलेल्या असल्याने ती शेजारच्या चांगल्या इंजिनाकडे गेली, आणि एकाऐवजी दोन इंजिनं गेली. म्हणून अतिशीत द्रव वाहणारा प्रत्येक लवचीक भाग निर्वातात तपासा, आणि एका इंजिनाचा कनेक्टर दुसऱ्याला बसूच नये अशा आकाराचा ठेवा. लेबल लावून भागत नाही.

माणसं बसणार असतील, तर ढाच्याला सुरक्षा गुणक १.४ धरा, माणसांविना १.२५ वर भागतं. निसटण्याच्या मोटारीला रॉकेटपेक्षा वेगाने दूर जाता आलं पाहिजे. घन बूस्टर मधेच बंद करता येत नाहीत, त्यामुळे ते असतील तर मोटार आणखी दणकट लागते. नासाच्या ओरायन यानाच्या निसटण्याच्या मोटारीचा रेटा सुमारे १,७८० किलोन्यूटन आहे, तो यामुळेच.

सहावी पायरी: एक मोठं की अनेक

आपल्या उदाहरणात कक्षेतल्या १२२ टनांपैकी अर्धं प्रोपेलंट आहे. ते वेगळं नेता येईल का? येईल, पण शक्यतांचा गुणाकार करा. प्रत्येक प्रक्षेपण वेळेत यशस्वी होण्याची शक्यता ९५ टक्के असेल, तर दोन प्रक्षेपणांची ९०, दहांची ६०. दहा टँकर लागणारी योजना तेव्हाच चालते, जेव्हा फसलेल्या टँकरच्या जागी दुसरा उभा असतो आणि कक्षेतलं प्रोपेलंट तोवर उडून जात नाही. माणसं सर्वांत शेवटी पाठवा.

दोन प्रक्षेपणांची विभागणी आमच्या मते सर्वांत समजूतदार. यान आणि लँडर वेगळे पाठवले आणि दोघांनी आपापला ब्रेक लावला, तर चंद्राकडे फेकायचं वजन २८ आणि २५ टन होतं (लँडरच्या वाढीव टाक्यांचं थोडं वेगळं). चीनचं लाँग मार्च १० याच गटातलं आहे: किमान २७ टन, आणि योजनाही दोन प्रक्षेपणांची, चंद्राच्या कक्षेत जोडणीची.

अर्धवट ताकदीचं सर्व्हिस मॉड्यूल कुठे नेतं, तेही पाहून ठेवा. ओरायन सुमारे २६.५ टनांचं आहे आणि त्याच्याकडे साधारण १.२५ किमी प्रति सेकंदाचीच शिल्लक असते. आपल्या अंदाजपत्रकात जाणं-येणं मिळून १.९ लागतं. म्हणून त्यासाठी साडेसहा दिवसांची लांबट कक्षा निवडली गेली, जिथे शिरायला-निघायला कमी लागतं. वाचलेला वेग लँडरच्या माथी बसतो: पृष्ठभागावर जायला सुमारे २.७, यायला तेवढाच. खर्च नाहीसा झाला नाही, दुसऱ्या खात्यावर गेला.

सातवी पायरी: तळावर हायड्रोजन

भरण्याआधी हायड्रोजनची टाकी हेलियमने धुवा. नायट्रोजन चालत नाही, तो उणे २१० अंशांना गोठतो आणि द्रव हायड्रोजन उणे २५३ ला असतो. नळ्या आधी थंड करा, मग हळू भरा, मग जलद, आणि उड्डाणापर्यंत उडून गेलेलं भरत राहा. गळती बहुधा हळू भरण्यावरून जलद भरण्यावर जाताना, झटक्याने सुटणाऱ्या जोडणीत होते, कारण दाब आणि तापमान एकाच वेळी उडी मारतात आणि सील आकसतं. आर्टेमिस १ चं (एसएलएसच्या पहिल्या उड्डाणाचं) ३ सप्टेंबर २०२२ चं प्रक्षेपण अशाच गळतीने रद्द झालं. पुढे दाब सावकाश वाढवत भरल्यावर १६ नोव्हेंबरला ते उडालं. जोडणीभोवतीच्या हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की भरणं थांबवा. सेन्सर चुकीचा असण्याची शक्यताही गृहीत धरा: त्याच रॉकेटचं २९ ऑगस्टचं प्रक्षेपण एका इंजिनाच्या खोट्या तापमान-आकड्याने अडलं होतं. शंका घेता यावी म्हणून त्याच गोष्टीचं दुसऱ्या मार्गाने मोजमाप ठेवा.

चंद्रापलीकडे

मंगळासाठी झेपेला साधारण ३.८ धरा, गुणोत्तर २.०१ वरून २.३३ होतं. यातलं काही भयंकर नाही. अडचण पुढे येते. ब्रेक सहा-नऊ महिन्यांनी लावायचा असतो आणि तोवर हायड्रोजन सक्रिय थंडाव्याशिवाय टिकत नाही. मिथेन उणे १६२ ला आणि ऑक्सिजन उणे १८३ ला उकळतो, दोन्ही जवळजवळ, त्यामुळे एकाच भिंतीच्या दोन बाजूंना ठेवता येतात. निकास वेग कमी मिळूनही लांबच्या प्रवासाला मिथेन म्हणूनच पुढे येतो.

चंद्राच्या वाटेवर यान फिरून आपोआप पृथ्वीकडे येईल असा मार्ग निवडता येतो. मंगळाला तशी लवकर सुटका नाही आणि संधीही साधारण २६ महिन्यांनी येते, म्हणून सामान अडीच वर्षांचं धरावं लागतं. माणशी दिवसाला ०.८४ किलो ऑक्सिजन, चार जण, ९०० दिवस: ३ टनांहून जास्त, नुसता ऑक्सिजन. पाणी याच्या कितीतरी पट लागतं, म्हणून ते पुन्हा वापरणारी यंत्रणा न्यावीच लागते. तिचे सुटे भाग, गाळण्या आणि ती बंद पडली तर दुरुस्तीपुरतं राखीव पाणी या तीन गोष्टींना वजनाच्या तक्त्यात वेगवेगळ्या ओळी द्या.